अंगावरून जास्त जाणे: एका न सांगितलेल्या दुखण्याचा इतिहास



राजगडाच्या पायथ्याला, पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातल्या पाल खुर्द गावात सईबाईंची समाधी आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई राजगडावर गेल्या. बाळ तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. त्या बाळाला दूध पाजायला आली ती धाराऊ, आपल्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळची, गाडे पाटलांच्या घरातली. साताऱ्याला जाताना कापूरहोळ लागते, बालेकिल्ला चढताना पालकडे नजर जाते. या दोन बायकांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. पण सईबाईंना झाले काय होते? आपण वाचतो ते एवढेच, की बाळंतपणानंतर त्यांची प्रकृती खालावली. एका राणीच्या आजाराची एवढीच ओळख आपल्यापर्यंत आली.

त्या दोन ओळींतून काही निष्कर्ष काढणे बरोबर नाही. मला फक्त एवढे दाखवायचे आहे, की बाईच्या दुखण्याला 'प्रकृती बरी नसते' या तीन शब्दांत गुंडाळायची सवय किती जुनी आहे. आजही भोरच्या बाजारपेठेतली सून असो की केळदसारख्या घाटमाथ्यावरच्या गावातली मावशी, पाळीत खूप जास्त जात असेल तर ती 'थोडी अशक्त आहे' म्हणूनच ओळखली जाते. म्हणून आज या एकाच दुखण्याचा इतिहास लिहिते आहे: अंगावरून जास्त जाणे.

हे दुखणे नवे नाही आणि जुन्या वैद्यांना अनोळखीही नव्हते. आयुर्वेदात त्याला 'असृग्दर' किंवा 'रक्तप्रदर' म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याची ओळख स्पष्ट दिली आहे: पाळीत प्रमाणाबाहेर जाणे, जास्त दिवस जाणे किंवा दोन पाळ्यांच्या मधे जाणे. पुढे काय होते तेही सांगितले आहे. अशक्तपणा, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, तहान, अंग पांढरे पडणे, झापड येणे. आज डॉक्टर ज्याला रक्तक्षय म्हणतात त्याची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे. ग्रंथात इतके स्वच्छ लिहिलेले असूनही घरातल्या बाईपर्यंत ते पोचले नाही. वैद्य पुरुष, त्याला सांगायची लाज. सुईण बाळंतपणात तरबेज, पण दर महिन्याच्या या त्रासासाठी तिला कोणी बोलावत नसे. मग राहिला एकच उपाय, सहन करणे, आणि त्यालाच बाईपण म्हणायची पद्धत पडली.

ही कोंडी फोडायला बाईच डॉक्टर हवी, हे उघडपणे बोलून दाखवणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी होत्या. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचे पहिले बाळ दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या (कलकत्त्याजवळच्या) सभेत त्यांनी सांगितले, की हिंदुस्थानातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जायला धजत नाहीत, म्हणून मी शिकायला जाते आहे. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाहून एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्यासाठी ठरले होते. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय होते एकवीस.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले, खास बायका-मुलांसाठीचे आणि बायकांनीच चालवलेले. तिथल्या डॉक्टर एडिथ पिची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन आल्यावर त्यांनी सुरतेत वर्षानुवर्षे बायकांचे रुग्णालय सांभाळले. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढले आणि तिथून सुशिक्षित परिचारिका तयार होऊ लागल्या. एकेक दार असे उघडत गेले. तरी ही दारे शहरांत होती. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते, ते १९४८ मध्ये विलीन झाले. मावळातल्या डोंगरवाडीतल्या बाईला पुण्याचे रुग्णालय म्हणजे परगावच.

खेड्यातल्या बायकांना नेमके काय होते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिले गेले ते फार उशिरा, आणि तेही महाराष्ट्रातच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते आकडे छापून आले तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना धक्का बसला. १०० पैकी ९२ बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून अधिक आजार. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या १०० मध्ये फक्त ८. पाळीच्या तक्रारीही त्यात मोठ्या संख्येने होत्या. या बायका काही लपवत नव्हत्या. कोणी विचारलेच नव्हते.

आपल्या शेजारी, भोरला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात 'मासूम' ही संस्था १९८७ पासून काम करते. तिने गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. आपल्यासारख्याच, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या बाईने विचारले की बाई बोलते, हा धडा या दोन्ही ठिकाणी मिळाला.

आता प्रश्न येतो, 'जास्त' म्हणजे किती? आपण म्हणतो, आमच्या घरात सगळ्यांनाच असे जाते, आईलाही जायचे. १९६६ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात शास्त्रज्ञांनी शेकडो बायकांचे पाळीतले रक्त खरोखर मोजले. साधारण ३० ते ४० मिलिलिटर म्हणजे दोन-तीन मोठे चमचे जाते, आणि ८० मिलिलिटरच्या वर गेले की बायकांना रक्तक्षय होऊ लागतो, असे दिसले.

आपण दुकानदारांच्या घरातल्या, तेव्हा याचा जमाखर्च मांडून बघू या. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. अन्नातून शरीर दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषून घेते, म्हणजे महिन्याची जमा ३० ते ६०. त्यातले रोज जवळपास एक मिलिग्रॅम नुसत्या झिजेत जाते, ते ३० धरा. पाळीत ४० मिलिलिटर गेले तर खर्च २०, हिशेब कसाबसा जुळतो. १०० मिलिलिटर गेले तर खर्च ५०. दर महिन्याला तूट, आणि ती भरायची शरीरातल्या साठ्यातून. साठा संपला की दम लागतो, जिना चढवत नाही, केस गळतात, छातीत धडधडते, माती किंवा बर्फ खावासा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त रक्तक्षयाच्या निघाल्या. आयंबिल, वर्षीतप, अठ्ठाई करणाऱ्या आपल्या बायकांची जमा त्या दिवसांत आणखी कमी होते. म्हणून मोठे तप घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे हे तपाच्या तयारीचाच भाग समजावे. बारापेक्षा कमी असेल तर आधी डॉक्टरशी बोलावे.

घरी मोजमाप करायला प्रयोगशाळा लागत नाही. दर एक-दोन तासाला पॅड भिजतो, रात्री उठून बदलावा लागतो, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांपेक्षा जास्त चालते, डागाच्या भीतीने लग्नाला किंवा प्रवचनाला जाणे टळते. यातले एकही असेल तर ते जास्त आहे.

कारण काय असेल, हे ठरवण्यातही डॉक्टरांमध्ये पूर्वी गोंधळ होता. एकाच गोष्टीला दहा नावे होती. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या आंतरराष्ट्रीय संघटनेने कारणांचे नऊ गट पाडले. चार दिसणारे: पिशवीच्या आतला मस्सा म्हणजे पॉलिप, पिशवीचे अस्तर तिच्या स्नायूत शिरून पिशवी सुजणे, फायब्रॉइडच्या गाठी आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. बाकीचे सोनोग्राफीत न दिसणारे: रक्त न गोठण्याचा दोष, बीज वेळेवर न सुटणे (वयात येताना, पाळी जायच्या वयात, पीसीओएस किंवा थायरॉईडमुळे), अस्तराचा स्वतःचा बिघाड, तांबी किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांसारखी बाहेरून आलेली कारणे, आणि शेवटी ज्याचे अजून वर्गीकरण झालेले नाही ते. शिवाय गर्भपात होत असेल तर तेही आधी पाहावेच लागते. म्हणजे 'उष्णता वाढली' या एका उत्तरामागे इतकी वेगवेगळी कारणे दडलेली असू शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

रक्त न गोठण्याच्या दोषाची गोष्ट मुलींच्या आयांनी जरूर वाचावी. बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरच्या योर्डिस नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला १९२४ मध्ये फिनलंडच्या डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी तपासले. तिच्या घरात अनेकांना रक्त थांबत नसे. १९२६ मध्ये त्यांनी हा वेगळा आजार म्हणून नोंदवला आणि तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. योर्डिस मात्र तेरा वर्षांची असताना, आयुष्यातल्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने गेली. आज या आजाराची रक्तचाचणी होते आणि उपचारही आहेत. मुलीला पहिल्याच पाळ्यांपासून फार जात असेल, नाकातून किंवा हिरड्यांतून सारखे रक्त येत असेल, दात काढल्यावर थांबत नसेल, तर 'लहान आहे, होईल नियमित' म्हणून वर्षे घालवू नका.

उपायांच्या इतिहासातही एक बाई आहे. जपानच्या उताको ओकामोतो. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या बायकांसाठी औषध शोधायचे, या ध्यासाने त्यांनी पतीसोबत काम केले. लहान मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत उभ्या राहत. १९६२ मध्ये त्यांनी ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध जगासमोर आणले. आज पाळीतल्या जास्त रक्तस्रावासाठी डॉक्टर तेच, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांपुरते, लिहून देतात. १९९० मध्ये फिनलंडमध्ये हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू वापरात आली. ती पिशवीत बसवली की अनेकींचा रक्तस्राव खूप कमी होतो. पॉलिप दुर्बिणीने काढता येतो, गाठ पिशवी राखून काढता येते.

आणि तरीही आपल्याकडे उपाय म्हणून पहिला शब्द ऐकू येतो, 'पिशवी काढून टाका.' याचे भयंकर रूप बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना एक दिवसाचा खाडा झाला तरी दंड बसायचा, म्हणून पाळीची कटकटच नको, असे त्यांच्या मनावर बिंबले. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सांगितले गेले, की बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येकींचे वय तिशीतले. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले. देशभरच्या पाहणीतही पिशवी काढण्याचे सर्वांत मोठे कारण पाळीतला जास्त रक्तस्राव किंवा दुखणे हेच निघाले.

काही वेळा पिशवी काढणे खरोखर गरजेचे असते, कर्करोगात तर ते जीव वाचवते. पण त्याआधी चार प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे. कारण काय निघाले? अस्तराचा तुकडा तपासला का? दुसरा उपाय करून पाहिला का? आणि बीजकोश राहणार की जाणार? तरुण वयात बीजकोश काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. उत्तर पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे.

बीडच्या बायकांची गोष्ट वाचून आपण हळहळतो. पण मैत्रिणींनो, आपल्या घरातही पाळीकडे बघण्याची एक तशीच रीत आहे. त्यांच्यापुढे खाडा असतो, आपल्यापुढे पर्युषण, ओळी, प्रतिष्ठा महोत्सव. एम. सी. येऊ नये म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायच्या, जाऊबाईंनाही दोन द्यायच्या, वर्षातून चार वेळा हेच. या गोळ्या हार्मोनच्या असतात. रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल तर त्या घातक ठरू शकतात. बंद केल्यावर जोरात जाऊ शकते, मधेच डाग लागू शकतात. सर्वांत वाईट म्हणजे, आधीच जास्त जाणारी बाई गोळीने ते थांबवत राहिली तर खरे कारण झाकले जाते. डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

दुसरी अडचण दिवसांच्या हिशेबाची. तीन-चार दिवस पाळून देरासरला जायचे, ही आपली मर्यादा. पण जिला दहा-बारा दिवस जातच राहते ती काय करते? कोणाला सांगत नाही, महिन्यातले निम्मे दिवस पूजा-सामायिकापासून लांब राहते, आणि 'माझेच अशाता वेदनीय कर्म' म्हणून गप्प बसते. कर्माचा उदय मान्य आहे. पण उपचार नाकारा, असे आपल्या धर्माने कुठे सांगितले? भगवती सूत्रातली रेवती श्राविका आठवा. खुद्द प्रभू महावीरांना रक्तातिसाराचा त्रास झाला, तेव्हा त्यांनी सिंह अणगारांना मेंढिकग्रामला रेवतीकडे पाठवले. आपल्यासाठी मुद्दाम केलेले औषध घेतले नाही. घरात आधीपासून असलेला बिजोरापाक घेतला आणि ते बरे झाले. औषध वहोरावणाऱ्या रेवतीने तीर्थंकर नामकर्म बांधले, असे आपण ऐकत आलो आहोत. प्रभूंनी औषध घेतले, तर आपण का लाजावे? आणि आजाऱ्याची सेवा म्हणजे वैयावच्च, ते तर आभ्यंतर तपातच मोजले आहे. सुनेला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या सासूबाईंना हे तप घरबसल्या मिळते.

तेव्हा करायचे काय? तीन महिने दिनदर्शिकेवर नोंद ठेवा: कोणत्या दिवशी सुरू झाले, किती पॅड लागले, गाठी पडल्या का. ती नोंद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन, थायरॉईड, सोनोग्राफी, आणि वयानुसार अस्तराची तपासणी, यांबद्दल विचारा. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. गावातल्या आशाताईला सांगितले तरी ती वाट दाखवते. लोहाच्या कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, म्हणून औषधच बंद करू नका. गोळी किंवा सिरप मागून घ्या. बाजरी, नाचणी, मूग, चवळी, तीळ, अळीव, खजूर रोजच्या जेवणात ठेवा, वर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा टाळा. पण साठा एकदा रिता झाला की नुसत्या आहाराने तो भरत नाही, औषध लागतेच.

आणि काही वेळा तीन महिने थांबायचे नसते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी दिसले, किंवा संबंधानंतर रक्त आले, तर त्याच आठवड्यात दाखवा. तासाला एक पॅड भिजतो आहे आणि ते सलग चालू आहे, चक्कर येऊन पडायला होते, किंवा दिवस गेले असताना रक्त जाते, तर त्याच क्षणी निघा. घरात गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. अशा वेळी देवदर्शन, पाहुणे, दुकान, सगळे नंतर.

ही माहिती उपाश्रयात, किटी मंडळात, मुलीच्या सासरी, जिथे जमेल तिथे बोला. घरी धुणेभांडी करायला वेल्ह्याच्या डोंगरातून आलेल्या मावशींनाही एकदा जवळ बसवून विचारा, 'तुम्हाला किती जाते?' गडचिरोलीतल्या बायका बोलल्या त्या असे कोणीतरी विचारले म्हणूनच.

जय जिनेंद्र.